तिसरा ड्रॉप नको, फिजिक्स बघा

नीटचा निकाल लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून तोच प्रश्न येतो: तिसरा ड्रॉप घेऊ द्यावा का? माझं उत्तर: नाही.

यंदा डोंबिवलीचे एक आईवडील मुलीला घेऊन आले. फोल्डरमध्ये दोन वर्षांच्या क्लासच्या पावत्या. डॉक्टरच का, असं मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आजी आता मला ओळखत नाही. तिच्या डोक्यात काय चाललंय ते बघायचंय." वडील लगेच म्हणाले, "म्हणजे न्यूरोलॉजीच ना?"

तुम्ही मुलीचं ऐकलंच नाहीत. आत बघायची साधनं फिजिक्सवाले घडवतात. मेंदूचं तापमानच घ्या. तिथे थर्मामीटर कोण घालणार? पण एमआरआय यंत्रात पाण्याचा सिग्नल तापमानाबरोबर सरकतो, एका अंशाला साधारण 0.01 पीपीएम. मेंदूतल्या एन-ॲसिटिल ॲस्पार्टेटचा सिग्नल जवळपास जागेवरच राहतो. दोघांतल्या अंतरावरून तापमान काढतात. 3 टेस्लाच्या यंत्रावर एक अंश म्हणजे जेमतेम सव्वा हर्ट्झ. पेशंट हलला की मोजमाप बिघडलं, आणि डिमेन्शियाच्या माणसाला स्थिर पडून राहायला सांगणं किती अवघड, ते त्या घरालाच ठाऊक. 2022 साली केंब्रिजच्या संशोधकांनी 40 निरोगी लोकांच्या मेंदूचं सरासरी तापमान 38.5 अंश सेल्सिअस नोंदवलं. डिमेन्शियात ते कसं बदलतं, यावर काम अजून सुरू आहे. माणसं हवी आहेत ती इथे.

सिग्नलच्या या सरकण्याचा आपल्याशी जुना संबंध आहे. 1951 मध्ये स्टॅनफर्डला इथेनॉलचा एकच सिग्नल रेणूतल्या जागेनुसार सरकून तीन रेषांत उलगडतो हे दाखवणाऱ्या तिघांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. पुढे कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये त्यांनी या विषयाचं काम उभं केलं.

वाट लांब आहे, हे लपवत नाही. बांदोडकर, बिर्ला, पेंढरकर, जवळचं कॉलेज घ्या. फिजिक्समध्ये बीएस्सी, मग एमएस्सी. पुढे बीएआरसीचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, पण तो मुख्यतः कॅन्सरच्या रेडिएशन विभागात नेतो. मेंदूच्या इमेजिंगसाठी पीएचडीची तयारी ठेवा. इंजिनिअरिंगवाल्यांना बायोमेडिकलचा रस्ता आहेच.

सहा महिन्यांत एमआरआय टेक्निशियन करून देतो म्हणणाऱ्यांकडे मात्र फिरकू नका.

मी सव्वा हर्ट्झचं सांगत होतो तेव्हा वडील फोल्डर आवरत होते. मुलीने विचारलं, "पण आजी हलली तर?" बाबा, त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला तिला जाऊ द्या.