बरें वाटणें आणि बरें होणें : क्षयरोगाविषयीं एक धडा

ताप उतरला, भूक लागूं लागली, खोकला थांबला, म्हणजे मनुष्य सहजच म्हणतो कीं, मी बरा झालों. सर्दीपडशांत हें म्हणणें बहुधा खरें असतें. क्षयरोगांत तें खरें नसतें, आणि ह्या एका चुकीमुळें पुष्कळ घरें बुडालीं आहेत. उपदेशक बंधूंनीं हा धडा आपापल्या वस्तींत वाचून दाखवावा. आणि ज्यांच्या घरीं हें दुखणें असेल त्यांजकडे स्वतः जाऊन तो समजावून सांगावा, कारण असे लोक लाजेनें सभेंत येऊन बसत नाहींत.

क्षय हा शाप नव्हे, करणी नव्हे, व आईबापांच्या रक्तांतून उतरणारा दोषही नव्हे. तो एका सूक्ष्म जंतूमुळें होतो. हा जंतु रॉबर्ट कॉख नामक जर्मन डॉक्टरानें शोधून काढला, व तसें त्यानें २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें जाहीर केलें. फुप्फुसांचा क्षय झालेला मनुष्य खोकतो तेव्हां हे जंतु हवेंत उडतात व जवळच्यांच्या श्वासाबरोबर आंत जातात. दोन आठवडे किंवा अधिक खोकला, सायंकाळचा बारीक ताप, रात्रीं घाम, अंग झडणें, बेडक्यांत रक्त, ह्यांपैकीं कांहींही दिसल्यास बेडका तपासून घ्यावा. बेडका म्हणजे छातींतून खोकून काढलेला, तोंडांतली लाळ नव्हे. कित्येक रोगी संकोचानें डबींत लाळच थुंकून देतात, आणि तपासणींत कांहीं निघालें नाहीं म्हणून निर्धास्त होतात! सकाळीं उठल्याबरोबर, चूळ भरून, खोल श्वास घेऊन खोकावें, म्हणजे खरा बेडका येतो.

आतां मुख्य गोष्ट. साध्या क्षयावर सहा महिने औषध घ्यावें लागतें. पहिले दोन महिने चार औषधें, व पुढें चार महिने तीन. सरकारी दवाखान्यांत तीं फुकट मिळतात. महिना दीड महिन्यांत रोग्यास हुशारी वाटूं लागते. मग औषध आणखी कशाला? कारण असें कीं, जे जंतु भराभर वाढत असतात ते आधीं मरतात, आणि त्यांच्या मरण्यानेंच ताप व खोकला थांबतो. परंतु कांहीं जंतु झोंपल्यासारखे पडून असतात. ते जागे होतील तसतसे मारावे लागतात, व त्यास महिने लागतात. शेतकऱ्यास हें नवल वाटूं नये. हरळी वरून खुरपली तर शेत आठ दिवस स्वच्छ दिसतें, पण काशी जमिनींत राहते.

औषधें एकाहून अधिक कां, ह्याचें उत्तर इंग्लंडांत मिळालें. स्ट्रेप्टोमायसीन हें औषध नवें असतां तें एकटेंच देऊन पाहण्यांत आलें, व त्या प्रयोगाचा वृत्तांत १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. पहिल्या कांहीं महिन्यांत रोग्यांस मोठा गुण आला, पण पुढें पुष्कळांच्या जंतूंवर तें औषध चालेनासें झालें. जो रोगी आपल्या मनानें औषध सोडतो, किंवा एक गोळी घेऊन दुसरी टाकतो, तो आपल्या शरीरांत हेंच घडवून आणतो. आणि असा न मरणारा क्षय तो आपल्या मुलांसही देऊं शकतो. त्यावरचा उपचार अधिक कठीण असतो.

औषध सुटण्याचें एक कारण आळस नसून पोट आहे. बीडकडील ऊसतोडीचीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात आणि अर्धें वर्ष कारखान्याच्या फडावर राहतात. अशानें निघण्यापूर्वीं आशाताईस किंवा आरोग्य केंद्रांत सांगावें. रोग्याची नोंद निक्षय नांवाच्या यादींत असते, व तिच्यावरून दुसऱ्या जिल्ह्यांतही औषध मिळूं शकतें. न सांगतां जाणाऱ्यास मुकादमाचा धाक असतो, हें मी जाणतों; तरी सांगावें.

दुसरें कारण भीति. लघवी नारिंगी होते, तेव्हां रक्त जातें असें समजून लोक गोळ्या फेंकून देतात. तो केवळ औषधाचा रंग आहे, त्यांत अपाय नाहीं. परंतु डोळे पिवळे झाले, एकसारखी ओकारी होऊं लागली, दृष्टि अंधुक झाली, किंवा पायांस मुंग्या येऊं लागल्या, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

तिसरें कारण लोकलाज, आणि तें आमच्याच हातचें आहे. पूर्वीं खरें औषध नव्हतें, तेव्हां मिरजेजवळ वानलेसवाडीसारख्या ठिकाणीं रोग्यांस आरोग्यधामांत ठेवीत, व त्यावरून दूर ठेवणें हाच उपाय अशी समजूत राहिली. परंतु १९५६ सालीं मद्रास येथें एक परीक्षा सुरू झाली. कांहीं गरीब रोग्यांस आरोग्यधामांत ठेविलें, कांहींस त्यांच्या दाटीच्या घरींच ठेविलें, आणि दोघांस औषध एकच दिलें. घरच्यांस अन्न हलकें मिळालें, तरी गुण दोघांस जवळजवळ सारखाच आला. पुढें पांच वर्षें कुटुंबांतील माणसांवर लक्ष ठेविलें, तेव्हां रोगी घरीं राहिल्यामुळें त्यांच्यांत रोग अधिक झाला असें दिसलें नाहीं.

तर मग सुनेचें ताट वेगळें कशाला? क्षय ताटवाटीनें किंवा कपड्यांनीं पसरत नाहीं, आणि प्रभुभोजनाच्या प्याल्यावरून कोणास मागें सारण्याचेंही कारण नाहीं. पहिले कांहीं आठवडे रोग्यानें तोंडास फडकें बांधावें, वाऱ्याच्या जागीं निजावें, खिडकी उघडी ठेवावी. मानेच्या गांठींचा किंवा मणक्याचा क्षय असून फुप्फुसें निरोगी असतील, तर त्यापासून दुसऱ्यास लागण होत नाहीं. हें न कळल्यामुळें किती मुलींचीं लग्नें मोडलीं!

पोटभर अन्न हेंही औषधच आहे. त्यासाठीं सरकार उपचार चालेपर्यंत दरमहा १००० रुपये रोग्याच्या बँकेच्या खात्यांत देतें; नोव्हेंबर २०२४ पूर्वीं ५०० देत असे. ते कोंबडी, अंडीं, डाळ, शेंगदाणे ह्यांवर खर्चावे, कर्ज फेडण्यांत नव्हे. रोग्यास मधुमेह आहे कीं काय, हेंही पाहून घ्यावें.

फुप्फुसांचा रोग ठरतांच घरांतील सर्वांची तपासणी झाली पाहिजे. ज्यांस रोग नाहीं त्यांसही तो पुढें होऊं नये म्हणून औषध मिळतें. लहान मुलास बेडका काढतां येत नाहीं, म्हणून तें खेळेनासें झालें किंवा त्याचें वजन वाढेनासें झालें, तर तेवढ्यावरूनच त्यास दवाखान्यांत न्यावें.