आंबटपणा घालवायचा नसतो

माउंट केनिया आणि आबरदेअर डोंगररांग यांच्यामध्ये न्येरी आहे. तिथली कॉफी फिल्टर पेपरमधून ओतून करायला लागल्यापासून काही गोष्टी मनात पक्क्या झाल्या आहेत. या कॉफीतला आंबटपणा हा दोष नव्हे, त्याच्यासाठीच तर ती घ्यायची.

1. ‘एए’ म्हणजे पहिला नंबर नव्हे. ते दाण्याचं माप आहे. चाळणीवर मोठे ठरलेले दाणे एए, त्याहून लहान एबी. फळात दोनऐवजी एकच गोल दाणा भरला तर पीबी. शिळ्या एएपेक्षा ताजी एबी केव्हाही बरी, म्हणून आधी भाजल्याची तारीख बघावी. भाजल्यावर आठवडाभर दम धरावा आणि पुढच्या महिनाभरात पाकीट संपवावं.

2. पाकिटावर एका शेतकऱ्याचं नाव शोधू नये. न्येरीतल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे थोडीशीच झाडं असतात. पिकलेली लाल फळं ते सहकारी संस्थेच्या केंद्रावर घालतात, म्हणून नाव सहसा केंद्राचं असतं. तिथे साल काढून दाणे आंबवतात, धुतात, बऱ्याचदा पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवतात आणि उंच मांडवांवर वाळवतात. चवीतला लख्खपणा बराचसा या धुण्यातून येतो. ‘एसएल-28’ दिसलं तर अवश्य घ्यावं. स्कॉट प्रयोगशाळेने 1930च्या दशकात निवडलेलं हे वाण अवर्षणात तग धरतं, पण नाव झालं ते चवीमुळे.

3. चमचा ठेवून द्यावा, वजनकाटा काढावा. 15 ग्रॅम कॉफीला 240 ग्रॅम पाणी, हे माझं कायमचं माप. दळण बारीक मिठाहून किंचित जाडं. ते ऐन वेळी दळावं.

4. ओतण्यात घाई नको. कोनाकृती ड्रिपरमध्ये फिल्टर पेपर लावून तो गरम पाण्याने धुवावा, म्हणजे कागदाचा वास जातो. कॉफी हलकी भाजलेली असेल, तर पाणी 94 अंशांच्या आसपास हवं. आधी 45 ग्रॅम पाणी घालून पाऊण मिनिट थांबावं. दळण फुगतं, आतला वायू निघून जातो. मग बारीक धारेने, गोल फिरवत 140पर्यंत आणि थोड्या वेळाने 240पर्यंत. तीन मिनिटांच्या आसपास सगळं खाली उतरायला हवं.

5. आंबट दोन प्रकारचं असतं, कच्च्या करवंदाचं आणि पिकल्या करवंदाचं. पाणी भराभर निथळून गेलं की पहिलं मिळतं: दात आंबवणारं, मागे काहीच नसलेलं. अशा वेळी दळण बारीक करावं. पाणी तुंबून राहिलं आणि कॉफी कडवट, तुरट झाली, तर जाडं करावं. दुसरं आंबट साधलं की त्यामागून गोडवा येतो आणि ब्लॅककरंटची आठवण करून देणारी चव लागते. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

6. बोअरवेलचं जड पाणी वापरू नये. त्यातले बायकार्बोनेट आम्ल मारतात आणि उंची कॉफी मिळमिळीत होते.

7. दूध घालायचंच असेल, तर आपली चिकोरीवाली फिल्टर कॉफी उत्तम. खुद्द केनियात घरोघरी दुधाचा चहाच चालतो. कॉफी बहुतांश परदेशी जाते. पाहुण्याने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, तरी साखरेचा डबा लगेच पुढे करू नये. कप कोमट होऊ द्यायला सांगावं. कढत असताना दबलेला गोडवा निवल्यावर कळतो. त्यानंतरही साखर मागितली, तर मात्र निमूट द्यावी.