‘फास्ट’ : आधी घट्ट, मग जलद

इतिहासाच्या तासाला 1932 च्या पुणे कराराचा पाठ सुरू झाला की इंग्रजी पुस्तके चाळणारा एखादा विद्यार्थी अडखळतो. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी 20 सप्टेंबर रोजी आरंभिलेल्या उपोषणास इंग्रजीत ‘फास्ट’ म्हणतात. मुंबईच्या ‘फास्ट’ लोकलचा उपोषणाशी काय संबंध, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही येथे देत आहोत. कारण शब्दांचा इतिहास हाही इतिहासच होय.

जुन्या इंग्रजीत ‘फास्ट’चा वेगाशी संबंध नव्हता. त्याचा अर्थ होता घट्ट, पक्का, न हलणारा. जर्मन भाषेतील ‘फेस्ट’ हा त्याचा भाऊबंद आजही त्याच अर्थाने वावरतो. इंग्रजीतही जुना अर्थ पुसला गेलेला नाही. धुतल्यावर न उतरणारा रंग ‘फास्ट कलर’, गाढ झोपलेला माणूस ‘फास्ट अस्लीप’, आपली जागा न सोडणारा तो ‘स्टेडफास्ट’. उपवासाचा अर्थ येथूनच निघाला : नियम घट्ट धरून राहणे. रात्रभराचा उपवास सकाळी मोडतो, म्हणून न्याहारी म्हणजे ‘ब्रेकफास्ट’.

मग न हलणारा हा शब्द धावू कसा लागला? क्रियाविशेषण म्हणून त्याचा अर्थ ‘नेटाने, जोर लावून’ असा होत असे. नेटाने धावणारा साहजिकच वेगाने धावतो. मध्ययुगीन इंग्रजीत अर्थ असा जोराकडून वेगाकडे सरकला. मराठीत ‘जोरात पळ’ म्हणताना आपणही बळाच्या शब्दाने वेगच सांगतो.

आपल्या ‘जलद’ची कथा याहून नवलाची आहे. मेघाला म्हणतात तो संस्कृत ‘जलद’ निराळा. वेगवाचक ‘जलद’ फारसीतून आला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या अरबी शब्दाचा अर्थ कणखर, सोशीक असा आहे. मुंबईच्या फलाटावर एकाच गाडीला इंग्रजीत ‘फास्ट’ आणि मराठीत ‘जलद’ म्हणतात. दूरदूरच्या भाषांतले हे दोन शब्द, पण दोघेही टिकून राहण्यातूनच वेगापर्यंत पोहोचले आहेत.

रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीत हा अर्थ डोळ्यांनी पाहता येतो. येथून रज्जुमार्गाने काही मिनिटांत गडावर जाता येते. पाळणा दोराशी घट्ट जखडलेला असतो, म्हणूनच तो वेग सुखरूप असतो. ज्या हिरकणीच्या नावाने ही वाडी ओळखली जाते, तिची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. सायंकाळी गडाचे दरवाजे मिटले, तान्हे बाळ घरी होते, आणि ती दूधवाली अंधारात कडा उतरली. ही कथा आपण धाडसाची म्हणून सांगतो. परंतु कडा उतरणाऱ्याला घाई परवडत नाही. पायाला पुढची खाच लागेपर्यंत हाताची पकड सोडायची नसते. तिचे उतरणे जुन्या अर्थाने ‘फास्ट’ होते.

आख्यायिकेकडून आता दस्तऐवजाकडे येऊ. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. विरोधक न्यायालयात गेले. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या मनाईमुळे पुन्हा तळ्यावर जाणे बाबासाहेबांनी स्थगित ठेवले, पण हक्क सोडला नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 रोजी. दहा वर्षांस अवघे तीन दिवस कमी! परिषदेच्या मंडपापासून तळ्यापर्यंतची वाट एका दिवसात चालून झाली. तोच हक्क कायद्याने पक्का होण्यास दशक लागले.

पालक आम्हांस विचारतात, ‘आमची मुलगी इंग्रजीत स्लो का?’ ज्या घरात इंग्रजी पुस्तक प्रथमच तिच्या दप्तरातून आले, त्या घरातील मुलीला असा शिक्का मारू नये. तिने आज पाचच शब्द पक्के केले आणि ते महिन्यानंतरही तिच्यापाशी राहिले, तर तिची चाल योग्य आहे. घोकून भराभर पुढे गेलेल्याला पुन्हा मागे यावे लागते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. घरी मुलांना सीटबेल्ट लावताना ‘फासन’ हा शब्द दाखवा, त्यातील ‘फास्ट’ त्यांना शोधू द्या, आणि इंग्रजीत ‘टी’ हे अक्षर लिहिलेले असूनही उच्चारले जात नाही, हेही सांगा. एवढा एक शब्द जरी त्यांनी घट्ट धरला, तरी तो पुढचे दहा शब्द आपल्यासोबत घेऊन येईल.