काळ्या स्क्रीनसमोर बसलेलं पोरगं नेमकं काय करतंय?

मूल बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात गेलं की घरात एक प्रश्न हमखास निघतो: "हे लिनक्स-पायथन चाललंय ते ठीक आहे, पण त्याला स्कोप किती?" मी पुण्यात वातावरणशास्त्रात पीएचडी करते, त्यामुळे नात्यातल्या काका-मावश्यांपासून सोसायटीतल्या पालकांपर्यंत सगळे हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना बहुधा पॅकेजचा आकडा ऐकायचा असतो. तो मी सांगत नाही. बीएस्सीवाल्याला नुसतं लिनक्स येतं म्हणून कुणी पगार देत नाही. पण ते येत नाही म्हणून प्रोजेक्टच्या पहिल्याच महिन्यात गाडी अडलेली मुलं मात्र मी दरवर्षी बघते.

नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. लांब कशाला, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत 2024 साली सुरू झालेला 'अर्क' हा 11.77 पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक घ्या. अशा यंत्रावर मान्सूनचं मॉडेल चालवायचं तर तिथे माउसने क्लिक करायला काही नसतं. आपल्या लॅपटॉपवरून एसएसएचने लॉगिन करायचं, जॉबची फाईल लिहायची, ती रांगेत लावायची आणि नंबर लागायची वाट पाहायची. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. त्यांच्या डेटावर काम करणारा विद्यार्थी दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही, टर्मिनलसमोर बसतो. जनुकांवर काम करणाऱ्यांचंही तेच.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहतेय. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 मध्ये तिला मंजुरी दिली. वेधशाळा पूर्ण व्हायला वेळ आहे, पण अमेरिकेतल्या लायगोने 14 सप्टेंबर 2015 रोजी पकडलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीचा डेटा आजही कुणालाही फुकट उतरवून घेता येतो, पायथनमधल्या धड्यांसकट. हिंगोलीतल्या कॉलेजातली मुलगी आज संध्याकाळी ती लहर स्वतःच्या स्क्रीनवर काढू शकते. तिला कुणाची परवानगी लागत नाही, डोनेशनही नाही.

'नसती खटपट' म्हणून आपण जिला नावं ठेवतो, तिच्यातूनच ही साधनं निघाली. लिनस टॉरवाल्ड्सने 1991 मध्ये लिनक्स लिहायला घेतलं तेव्हा तो हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता. फर्नांडो पेरेझ हा मूळचा कोलंबियाचा, कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएचडी करणारा विद्यार्थी. 2001 मध्ये प्रबंध लिहायचा सोडून तो स्वतःच्या सोयीसाठी पायथनचा एक छोटा प्रोग्राम लिहीत बसला. पहिली आवृत्ती जेमतेम 259 ओळींची होती. त्याचं नाव आयपायथन. त्याचंच पुढे ज्युपिटर झालं आणि आज डेटा सायन्सचा बहुतेक प्रत्येक क्लास त्यावरच शिकवला जातो. (आपल्याकडच्या गाईडने त्याला काय सुनावलं असतं, ते सोडून देऊ.) आलेख काढायचं मॅटप्लॉटलिब हे जॉन हंटरने मेंदूतल्या विद्युत लहरींचा अभ्यास करताना स्वतःची अडचण भागवण्यासाठी लिहिलं.

ही खटपट कशी असते ते एका उदाहरणाने सांगते. समजा, एका पर्जन्यमापकाचा वर्षभराचा डेटा आहे, रोजची एक फाईल. एक्सेलमध्ये 365 फाईल एकेक उघडून आकडे चिकटवायला दोन-तीन दिवस जातात, आणि मधे कुठेतरी एक ओळ सुटते ती सुटतेच. पायथनमध्ये हेच काम दहाएक ओळींच्या लूपचं. लूप चालतो, एरर येत नाही, उत्तर येतं: जूनचा सरासरी पाऊस रोज उणे 27.3 मिलिमीटर. उणे पाऊस म्हणजे काय, ढगात परत गेला? इथे खरं शिक्षण सुरू होतं. टर्मिनलवर ग्रेपने शोध घेतला की सापडतं, जूनच्या एका फाईलमध्ये उणे 999 लिहिलंय. यंत्र त्या दिवशी बंद होतं आणि 'नोंद नाही' हे सांगायची ही जुनी पद्धत. प्रोग्रामने तो आकडा इमानेइतबारे बेरजेत धरला. बाकीच्या 29 दिवसांचा पाऊस 180 मिलिमीटर, त्यातून 999 वजा, भागिले 30. तो दिवस वगळला की सरासरी 6.2 वर येते.

हल्ली पालक विचारतात, "कोड तर एआय लिहून देतं, मग शिकायचं कशाला?" वरचा लूप एआय नक्की लिहून देईल. पण उणे 999 ऐवजी तिथे चुकून 99 असता तर सरासरी रोज 9.3 मिलिमीटर आली असती. दिसायला अगदी शहाण्यासारखी. तिच्यावर शंका घेणारा माणूस लागतो, आणि ती नजर कच्च्या फाईली स्वतः उघडून बघितल्याशिवाय तयार होत नाही.

दुसरी गोष्ट, एररला न घाबरण्याची. उबुंटू किंवा डेबियनच्या आताच्या आवृत्त्यांवर पिप वापरून थेट एखादं पॅकेज टाकायला गेलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा संदेश येतो आणि काम थांबतं. नवखी मुलं इंटरनेटवरून काहीतरी आदेश शोधून तो अडसर जबरदस्तीने काढतात. काही दिवसांनी सिस्टिमचीच साधनं बिघडतात. संदेश नीट वाचला तर त्यातच उपाय लिहिलेला असतो: प्रत्येक प्रोजेक्टसाठी व्हेन्व्ह काढा, म्हणजे त्याची पॅकेजेस वेगळी राहतील. सिस्टिमला तिच्या कामासाठी जे पायथन लागतं, त्याला हात लावू नये म्हणून हा बंदोबस्त आहे. एरर शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचा, ही सवय कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त उपयोगी पडते.

आणि हे लिहून ठेवायचं. साधी टेक्स्ट फाईल पुरते: तारीख, काय करायचं होतं, कोणता एरर आला, काय काय करून पाहिलं, शेवटी काय चाललं. 'जमलं' एवढंच लिहू नये, कोणत्या आदेशाने जमलं ते लिहावं. सहा महिन्यांनी तोच एरर परत येतो आणि तेव्हा आपलंच टिपण आपल्याला गुरूसारखं भेटतं. वर्षभरात अशी टिपणं जमली की ती गिटवर ठेवा.

आता खर्चाचं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे विंडोज 11 न पेलणारे लॅपटॉप बऱ्याच घरांत पडून असतील. तसला भंगारात देऊ नका. लिनक्स मिंटला 4 जीबी रॅम आरामात पुरते. पेनड्राइव्हवरून चालवून आधी वायफाय, आवाज, कीबोर्ड तपासता येतो, हार्डडिस्कला धक्का न लावता. घरात एकच लॅपटॉप असेल आणि त्यावर बाबांच्या ऑफिसचं कामही चालत असेल, तर मात्र पार्टिशनच्या वाटेला जाऊ नका. विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएल टाकून लिनक्स चालतं आणि सुरुवातीला तेवढं पुष्कळ झालं. तरीही डिस्क विभागायचीच असेल तर आधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर घरचे फोटो, प्राप्तिकराची कागदपत्रं, सगळं कुलूपबंद होऊन बसतं, आणि मग पोराच्या लिनक्सला घरात कायमची बंदी.

क्लासची घाई नको. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये लिनक्स आणि पायथनचे धडे मराठीतूनही आहेत, फुकट. एनपीटीईएलची व्याख्यानं बघायला पैसे पडत नाहीत, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच फी. हजारो रुपये भरून 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्या क्लासात घालण्यापेक्षा त्याच पैशात जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवा, असं मी सांगते. काहींना ते पटत नाही. क्लास लावला की आपण काहीतरी केलं असं वाटतं, हे खरं.

पालकांची एक भीती मात्र रास्त आहे. काही मुलं लिनक्सच्या नावाखाली आठवड्याला नवी डिस्ट्रो (लिनक्सचा वेगळा अवतार) टाकतात, वॉलपेपर आणि आयकॉन बदलतात आणि त्यालाच अभ्यास म्हणतात. ओळखायचं कसं? "आज काय अडलं होतं?" एवढं विचारा. खरंच काम करणारं पोर दहा मिनिटं बोलत राहील, तुम्हाला कळो न कळो. दुसरं असं की खटपटीने मार्कांची भरपाई होत नाही. आयआयटीसारख्या संस्थांत एमएस्सीला प्रवेश हवा असेल तर जॅम परीक्षेची तयारी लागतेच. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर सध्या महिना 37,000 रुपये आणि दोन वर्षांनी 42,000, पण त्या परीक्षेत ग्रेप कुणी विचारत नाही. सेमिस्टर चालू असताना शनिवार-रविवार आणि सुट्टीत पूर्ण वेळ, एवढा हिशेब पुरे.

उन्हाळी प्रोजेक्टसाठी प्राध्यापकांना मेल करायची वेळ तिसऱ्या वर्षाच्या आसपास येते. विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप, एनसीआरए किंवा टीआयएफआरचे विद्यार्थी कार्यक्रम यांचे अर्ज उन्हाळ्याच्या बरेच महिने आधी भरून घेतात, म्हणून दिवाळीपासूनच त्यांच्या सूचनांवर लक्ष ठेवा. मेलमध्ये 'आय ॲम अ हार्डवर्किंग स्टुडंट' वगैरे लिहू नका, ते सगळेच लिहितात. "अमुक ठिकाणचा पावसाचा खुला डेटा घेऊन मी हा आलेख काढला, त्यात नोंद नसलेले दिवस असे वगळले, कोड आणि टिपणं इथे आहेत" अशा तीन ओळी आणि खाली लिंक. उत्तर येईलच असं नाही. दोन आठवडे वाट पाहून नम्रपणे एकदा आठवण करा, आणि तेवढ्यात पुढच्या प्राध्यापकांचा एखादा शोधनिबंध वाचून त्यांनाही लिहा.