पहाटेची पोटदुखी आणि मण्यार

पावसाळ्यात पहाटे कुणी पोट धरून उठलं, उलटी झाली, घसा आवळल्यासारखं वाटतंय म्हणालं आणि तो माणूस रात्री जमिनीवर झोपला होता, तर पित्ताची गोळी देऊन त्याला परत झोपवू नका. आधी म्हणा, 'वर बघ.' कपाळाला आठ्या पडतील, भुवया चढतील, पण पापण्या अर्ध्यावरच अडकल्या, तर मण्यार चावली असं धरूनच गाडी काढा.

"खूण कुठाय, डॉक्टर?" हे घरच्यांचं पहिलं वाक्य. मण्यारीचे दात बारीक. सूज नसते, दुखत नाही, कधी ओरखडाही सापडत नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला आधी पोटदुखीचं इंजेक्शन देऊन घरी धाडलं होतं, ते यामुळेच. तो वाचला, पण ते वाया गेलेले दोन तास मला अजून टोचतात.

ही दिवसा उंदरांच्या बिळात, विटांच्या ढिगात पडून असते. डिवचली तरी डोकं वेटोळ्याखाली खुपसते. अंधार पडला की मात्र वेगळीच. उंदीर, पाली, बेडूक आणि मुख्य म्हणजे दुसरे साप, हे तिचं खाणं. त्या शोधात ती घरात शिरते, अंथरुणाशी येते आणि झोपेत आपण कूस बदलली, हात पडला, की चावते. म्हणून खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चारही बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचा.

निळसर काळं, चकचकीत अंग आणि शेपटीकडे ठळक होत गेलेले पांढरे पट्टे ही तिची ओळख. बिनविषारी कवड्याचे पट्टे उलट मानेकडे ठळक असतात. पण बॅटरीच्या उजेडात साप ओळखत बसू नका, मारायला तर मुळीच जाऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर लस एकच आहे आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. 108 ला फोन करा. चिरा, आवळपट्टी, मांत्रिक काही नको. गिळता येत नसतं, म्हणून पाणीही पाजू नका. कुशीवर झोपवून न्या.

लस लवकर हवी, कारण हे विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. ती शरीराला पुन्हा घडवावी लागतात. त्याला दिवस लागतात आणि तोवर श्वास यंत्राने द्यावा लागतो. या काळात पेशंट डोळे उघडत नाही, बोटही हलवत नाही. नातेवाईक 'गेला' म्हणून उशाशी रडू लागतात. त्याला बहुतेक वेळा सगळं ऐकू येत असतं. त्याच्या कानाशी त्याच्या नावानं बोला.