बियांची पूड चेहऱ्यावर नको

सप्टेंबर सरत आला की धारूरच्या घाटापासून अंबाजोगाईपर्यंत बालाघाटाच्या उतारांवर सीताफळाची तोड सुरू होते. हलकी मुरमाड जमीन, बेताचा पाऊस आणि कुणी फारशी निगा न राखलेली झाडं, तरीही फळाला गोडी अशी की २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्रही आहे. पिकलेलं सीताफळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. म्हणून ठिकठिकाणी बायकांचे बचत गट गर काढून गोठवतात आणि रबडी-आइस्क्रीमवाल्यांना विकतात. गर निघाला की मागे राहतात साली आणि काळ्याभोर, चकचकीत बिया. पोत्यांनी.

या पोत्यांकडे बघून काही सुचणार नाही, असं कसं होईल? टाकाऊतून टिकाऊ करणं हा तर आपल्या घराघरातला संस्कार. जगभरात सौंदर्यप्रसाधनांचा धंदाही आता याच वाटेनं चालला आहे. लंडनमधल्या ‘अपसर्कल’ कंपनीनं कॉफीच्या दुकानांतला वापरून झालेला चोथा गोळा करून त्याचा स्क्रब बनवला आणि त्यावर व्यवसाय उभा केला. द्राक्षाच्या बियांचं तेल, भाताच्या कोंड्याचं तेल, जर्दाळूच्या कवचाची भुकटी हे सगळं अन्नप्रक्रियेच्या मागे उरलेलंच. मोबाइलवर असे व्हिडिओ रोज येतात. मग सीताफळाच्या बीनं काय घोडं मारलंय, असा प्रश्न आमच्या भागातल्या एका गटात निघाला, तेव्हा तो कुणालाच वावगा वाटला नाही.

गटातल्या एका मावशींनी बिया वाळवल्या, मंद आचेवर भाजल्या, मिक्सरवर दळल्या, वस्त्रगाळ केल्या. त्यात बेसन, आंबेहळद, थोडी मुलतानी माती. उटण्याला छान खरखरीत पोत आला. त्या बेफिकीर नव्हत्या. आधी त्यांनी हातावर लावून पाहिलं. खाज नाही, लाली नाही, पुरळ नाही. मगच चेहऱ्याला लावलं आणि धुताना ओघळ उजव्या डोळ्यात गेला. आधी नुसतं चुरचुरलं. तासाभरानं डोळा लाल झाला, पाणी थांबेना, उजेड सहन होईना. संध्याकाळपर्यंत पापणी उघडायची सोय राहिली नाही. घरात कुणी तूप सुचवलं, कुणी मध, तर कुणी शेजारच्या घरातले जुने थेंब आणले. “कचरा गेला असंल, रात्रीतून निघून जाईल,” अशी समजूत घालत रात्र काढली.

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते असं: “मावशी, सीताफळाच्या बिया हाताळल्या का?” हा प्रश्न त्यांनी हवेतून काढला नव्हता. सीताफळाच्या बियांची पूड केसांतल्या उवा मारायला लावतात. ती डोळ्यात जाऊन बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सोलवटल्याच्या नोंदी भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध केल्या आहेत. थायलंडमध्येही अशा नोंदी आहेत. दुखणं तिथेही असंच, काही मिनिटांपासून काही तासांत सुरू होणारं. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेकांच्या कॉर्नियाचा वरचा थर पुन्हा भरून येतो. मावशींचाही आला. पण जखमेत जंतुसंसर्ग झाला असता किंवा शेजारचे ते जुने थेंब स्टेरॉइडचे निघाले असते, तर नजरेवर बेतलं असतं.

खरं म्हणजे सीताफळाची ताकद बीडच्या शेतकऱ्याला नव्यानं सांगायची गरज नाही. दशपर्णी अर्कात कडुनिंब, निर्गुंडी, रुई यांच्याबरोबर सीताफळाचा पाला पडतोच. किडी मराव्यात म्हणूनच पडतो. बियांमध्ये तर ॲसिटोजेनिन जातीची संयुगं भरलेली असतात आणि पेशीला ऊर्जा पुरवणारी यंत्रणाच ती बंद पाडतात. हे रसायन किडीची पेशी आणि कॉर्नियाची पेशी असा भेद करत नाही. हाताच्या जाड कातडीवर वरचा मृत थर असतो, तो आड येतो. डोळ्यावर असा थर नसतो. म्हणून हातावरची चाचणी निर्मळ निघाली आणि डोळा मात्र होरपळला. त्या चाचणीतून ॲलर्जीचा अंदाज येतो. पदार्थ डोळ्याला विषारी आहे का, हे तिच्यातून कळत नाही. भाजल्यानं बीचं विष जातं, असंही कुणी धरून चालू नये.

या प्रसंगानंतर मी टाकाऊ मालाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकीला आधी एकच गोष्ट विचारते: ही वस्तू झाडात काय काम करत होती? बी कुरतडली जाऊ नये म्हणून झाडानं तिच्यात विष साठवलं असेल, तर ते विष आपल्या बरणीतही उतरणार. सीताफळाच्या बियांचा जुना आणि बिनधोक उपयोग आहेच. कलमासाठी खुंटाची रोपं याच बियांपासून करतात आणि रोपवाटिकांना त्या लागतात. साली कंपोस्टला जातात. चेहऱ्याशी बियांचं काही काम नाही.

हाच प्रश्न पपईला लावून पाहावा. कच्च्या पपईला चीर दिली की पांढरा चीक येतो. त्यातलं पपेन हे एन्झाइम प्रथिनं तोडतं. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात, ते याच कारणानं. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की पपईच्या पानातला चीक धुऊन टाकला किंवा त्यातलं पपेन निकामी केलं, तर एरवी त्या पानांवर मरणारे सुरवंट ती पानं खाऊन वाढतात. म्हणजे पपेन हेही झाडाचं हत्यारच. चेहऱ्यावरच्या मृत पेशी सुट्या करायला कंपन्या ते वापरतात, पण मोजून, ठरावीक ताकदीचं आणि ठरावीक वेळापुरतं. झाडावरून थेट बोटावर घेतलेल्या चिकाची ताकद कुणी मोजलेली नसते. काळे डाग जावेत म्हणून तो रात्रभर चेहऱ्यावर ठेवणाऱ्या मुलींच्या गालावर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि ते बरे होताना अधिकच काळे पडतात. ज्यांना रबराची ॲलर्जी आहे, त्यांना पपईचा चीकही त्रास देऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ मध्ये जखमेवर लावायची, मंजुरी न घेतलेली पपेनयुक्त मलमं बाजारातून हटवायला लावली. त्यामागं रक्तदाब उतरण्यापर्यंत गेलेल्या तीव्र ॲलर्जीच्या तक्रारी होत्या.

पावडरीतलं एन्झाइम आणखी एका वाटेनं त्रास देतं, ती म्हणजे श्वासाची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये कपडे धुण्याच्या पावडरीत प्रथिनं तोडणारी एन्झाइमं मिसळायला सुरुवात झाली आणि कारखान्यातल्या कामगारांना दम्यासारखा त्रास होऊ लागला. १९६९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. त्यानंतर कारखान्यांनी एन्झाइमचे दाणे करून त्यावर लेप चढवला, म्हणजे धूळ उडणार नाही. आज गावातल्या एखाद्या खोलीत विकतची पपेन पावडर डब्यातून डब्यात ओतताना पंखा चालू असतो आणि तोंडावर फार तर पदर. हे थांबायला हवं. एन्झाइम हाताळायचंच असेल तर बंद खोलीत पंखा बंद करून, चांगला मास्क, हातमोजे आणि चष्मा घालूनच. दम्याच्या बाईनं त्या खोलीत थांबूच नये.

एन्झाइमचं नाव आलं की बायकांना हल्ली आठवतं ते बायो-एन्झाइम. एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने आंबवायचं आणि पहिल्या महिन्यात गॅस सोडायला झाकण रोज सैल करायचं. फरशी पुसायला, मोरी आणि संडास धुवायला हे उत्तम. माझ्या घरात फिनेल याच्यामुळे बंद झालं आणि मी ते आग्रहानं सांगते. पण हेच पाणी ‘टोनर’ म्हणून तोंडाला लावायचा सल्ला हिंडू लागला आहे, तो घातक आहे. चांगल्या आंबलेल्या द्रावणाचा सामू साडेतीनच्या आसपास असतो, त्वचेचा साधारण पाच ते साडेपाच. सामूच्या मोजणीत एक अंकाचा फरक म्हणजे दहापट आंबटपणा, दोन अंकांचा म्हणजे शंभरपट. शिवाय त्या बाटलीत कोणते जंतू वाढले, हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यात लिंबाच्या साली असतील तर आणखी एक भीती. लिंबातली काही द्रव्यं कातडीवर असताना ऊन लागलं की फोड येतात, मागे महिनोन् महिने डाग राहतात. बीडचा एप्रिल-मे ज्यांनी शेतात काढलाय, त्यांना त्या उन्हाचं वर्णन करायला नको.

मग आपल्या जिल्ह्यात या वाटेनं काहीच करता येणार नाही का? येईल, आणि मला त्याची मोठी आशा आहे. तुती लावून कोष काढणारे शेतकरी बीडमध्ये थोडेथोडके नाहीत. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागे, आता बीडच्या बाजार समितीतच कोषांची खरेदी होते. रेशमाच्या धाग्याचा साधारण पाव भाग सेरिसिन नावाच्या चिकट प्रथिनाचा असतो. धागा मऊ करताना ते धुऊन काढतात आणि बहुतेक ठिकाणी ते पाणी गटारात जातं. हे सेरिसिन पाणी धरून ठेवतं, त्वचेला ओलावा देतं. जपानमध्ये फुकुईच्या ‘सेइरेन’ या कापड-प्रक्रिया कंपनीनं याच प्रथिनातून प्रसाधनं उभी केली. धागा धुताना साबण-सोड्याऐवजी प्रथिनं तोडणारी एन्झाइमं वापरता येतात, पपेनसुद्धा. त्यामुळे सोड्याचं कडक पाणीही वाचतं. झाडाचं तेच हत्यार इथे कारखान्याच्या टाकीत, मोजून, उपयोगाला येतं.

पण म्हणून चुलीवर कोष उकळून ते पाणी तोंडाला लावू नये. कीटक संगोपनगृह फॉर्मलिन आणि ब्लीचिंग पावडरनं धुतलेलं असतं. अळ्यांच्या अंगावर ‘विजेता’सारखी निर्जंतुक पावडर धुरळलेली असते, तिच्यात चुना असतो आणि फॉर्मल्डिहाइड सोडणारा घटकही. डागी, पोचट कोषांत मेलेल्या अळीचे अवशेष असतात आणि काहींना रेशमाच्या प्रथिनाचीच ॲलर्जी असते. शेतकऱ्यानं डागी माल वेगळा काढावा, स्वच्छ कापलेले कोष आणि कोणती पावडर कधी मारली याची नोंद द्यावी. गाळणं, शुद्ध करणं, सुकवणं हे काम प्रयोगशाळा असलेल्या कारखान्याचं.

घरापुरतं काही करायचं असेल तर कोरडं करावं. मसूर, बेसन, हळद, संत्र्याच्या वाळलेल्या सालीची बारीक पूड, लागेल तेवढंच पाण्यात कालवून लगेच वापरायचं आणि उरलं तर टाकून द्यायचं. पाणी मिसळलेला पदार्थ परिरक्षकाशिवाय बरणीत ठेवला की जंतू वाढतातच. कोरफडीचा ताजा गर फ्रिजमध्येही फार तर दोन-चार दिवस. नवं काही लावायचं तर कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज लावून बघावं. डोळ्यांभोवती, लहान मुलांना आणि फुटलेल्या कातडीवर लावूच नये.

डोळ्यात काही गेलंच तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा उघडा धरून धुवायचं. तूप, मध, दूध, जुने थेंब यांतलं काहीही नको. जी पूड गेली तिची पुडी सोबत घेऊन त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे. रात्र काढायची नाही.

विक्रीची गोष्ट वेगळी. सौंदर्यप्रसाधन विकण्यासाठी बनवायचं तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. बचत गटाला, प्रदर्शनातल्या स्टॉललाही त्यातून सूट नाही. वेष्टनावर घटक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापराची मुदत आणि परवाना क्रमांक हवा. कोणता कच्चा माल प्रसाधनात चालत नाही, याची यादी भारतीय मानक ४७०७ मध्ये आहे. ती माल जमवण्याआधी बघावी, नंतर नाही. ‘उवा मारते’, ‘वांग घालवते’ असं लिहिलं की तो माल प्रसाधन राहत नाही, औषध होतो आणि त्याला औषधाचे नियम लागतात. स्वतःचा कारखाना उभारण्याइतका पैसा नसेल तर परवानाधारक कारखान्यात आपला माल बनवून घेण्यासाठी लोन लायसन्स काढता येतं. आमच्या ओळखीतल्या गटानं आता तीच वाट धरली आहे. प्रशासनाच्या कार्यालयात जाताना प्रत्येक घटकाचं नाव, तो कुठून आणला आणि किती टक्के घातला, हे कागदावर लिहून न्यावं. पहिली चौकशी त्याचीच होते.