गाडीचा हिशेब आणि मालकाची झोप



ऊस विकास खात्याच्या माणसाने बेणे, खत, पाणी यांवर लिहावे; ट्रक-ट्रॅक्टरच्या भानगडीत त्याने कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण तोडणी-वाहतुकीचा करार करणारे पुष्कळ जण आपले सभासदच आहेत, नाही तर सभासदांची मुले. त्यांची गाडी अडली की तुमचा तोडलेला ऊस फडात वाळतो. म्हणजे हा विषय शेवटी उसाचाच आहे.

मागे एका हंगामात, जानेवारीच्या थंडीत, रात्री दोनच्या सुमारास मी गाडीअड्ड्यावर चक्कर मारीत होतो. आपल्याच एका सभासदाचा मुलगा केबिनमध्ये जागा बसलेला दिसला. घर चार किलोमीटरवर. मी म्हणालो, "अरे, नंबर उद्या दहाच्या आत लागत नाही. घरी जाऊन पड की." तो म्हणाला, "साहेब, घरी गेलं की बायको विचारती, टोळी कधी येणार. काय सांगू तिला?"

हकीकत अशी. आठ कोयत्यांची उचल त्याने मुकादमाला दिली होती. निम्मी रक्कम कराराच्या उचलीची, बाकीची गावातून शेकडा तीन रुपये महिना व्याजाने. दिवाळी गेली तरी पाच कोयते आलेच नाहीत. मुकादमाचा फोन बंद. गाडी तीन कोयत्यांवर अर्धी-मुर्धी चाले, आणि हप्ता मात्र पाच तारखेला पुरा लागे. घरात त्याने यातले काहीच सांगितले नव्हते. तीन लाखांना शेकडा तीन म्हणजे महिना नऊ हजार आणि वर्षाला एक लाख आठ हजार, हे त्याने कधी कागदावर मांडलेच नव्हते. मांडायची भीती वाटत होती, असे तो स्वतःच म्हणाला.

आता आपण मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

समजा जुनी ट्रक घेण्यासाठी १२ लाख कर्ज काढले, व्याज सालीना १२ टक्के, मुदत चार वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ३१,६०० रुपये, वर्षाचे ३,७९,२०० झाले. विमा, कर, पासिंग यांना ७० हजार धरा. टायर आणि दुरुस्तीला १ लाख २० हजार. घरखर्च महिना १५ हजारांप्रमाणे १ लाख ८० हजार. एकूण ७,४९,२०० रुपये. गाडी जागची हलली नाही तरी हा खर्च चुकत नाही. डिझेल, ड्रायव्हर, क्लिनर यात धरलेले नाहीत.

हंगाम १५० दिवस चालला, तर डिझेल-पगार वजा जाता रोज ५ हजार रुपये मागे पडले पाहिजेत. तोच हंगाम ८५ दिवसांत आटोपला तर रोज ८,८०० लागतात. गाडी तीच, माणूस तोच, कष्टही तेवढेच. फरक फक्त हंगामाच्या लांबीचा. आणि ही लांबी कोणाच्या हातात आहे? २०२१-२२ मध्ये ऊस इतका झाला की राज्यात काही भागांत जून उजाडेपर्यंत गाळप चालले. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाला आणि मार्चअखेर बहुतेक धुराडी थंडावली. पहिल्या वर्षाचा अंदाज धरून दुसऱ्या वर्षीचे कर्ज काढणारे कसे सापडले असतील, हे वेगळे सांगायला नको. म्हणून हिशेब खेपांवर करू नये, दिवसांवर करावा, आणि तोही आखूड हंगाम धरून. हंगामाबाहेर कांदा, विटा, खत यांचे भाडे मिळाले तर चांगलेच; पण त्याच्या भरवशावर सही करू नये.

कर्ज घेतानाच विचारावे की हंगामात मोठा आणि पावसाळ्यात लहान हप्ता बांधून मिळेल का. सगळे देत नाहीत, काही देतात. सही झाल्यावर मात्र कोणी ऐकत नाही.

आणखी एक चूक मी वरचेवर पाहतो. सोसायटीचे पीककर्ज उचलायचे आणि गाडीचा हप्ता भरायचा. आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याज पडत नाही. ते थकले की सवलत गेली, नवे कर्जही अडले, आणि लागणीला खत उधारीवर आले. गाडीने शेत खाल्ले, असे म्हणतात ते याला.

उचलीबाबत थोडक्यात सांगतो. रोख देऊ नये, बँकेतून द्यावी. मुकादमाच्या एकट्याच्या सहीवर न थांबता प्रत्येक कोयत्याचे नाव, गाव, आधारची प्रत घ्यावी. सगळी रक्कम पावसाळ्यातच मोजून मोकळे होऊ नये. काही भाग टोळी फडावर उतरल्यावर द्यावा. मुकादम कुरकुर करील, दुसरा जास्त देतो म्हणेल. म्हणू द्यावे. हेही खरे की टोळीतली माणसे स्वतःच नडलेली असतात. पैसे बुडाले म्हणून त्यांच्या बायकापोरांना अडवून ठेवणे हा गुन्हा आहे. लेखी कागद असेल तर पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाता येते.

आता झोपेविषयी. मोटार कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विसावा ठरवून दिला होता. स्वतःची गाडी स्वतः हाकणाऱ्याला 'आता थांब' म्हणणारे कोणीच नाही. ड्रायव्हरचा पगार वाचवायचा म्हणून तो दिवसा फडात आणि रात्री रस्त्यावर. डुलकी लागून ट्रॉली कलंडली तर वाचवलेला पगार किती पुरणार?

पण कित्येकांना पडायला मिळते तरी झोप लागत नाही. जेवण जात नाही, पोरांवर उगाच हात उठतो, संध्याकाळी बाटली लागते, फोन वाजला की छातीत धस्स होते. दोन आठवडे असे चालले तर त्याला 'टेन्शन' म्हणून सोडून देऊ नये. तापाला डॉक्टर लागतो तसा यालाही लागतो. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मनाच्या आजाराचे डॉक्टर भेटतात. आणि घरातला कोणी 'मी नसलो म्हणजे सुटाल' असे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका. औषधाचे डबे कुलपात घाला आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या मुलाचे सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला सगळे सांगितले. ती दोन दिवस बोलली नाही. मग तिनेच वही काढली आणि पहिला प्रश्न विचारला, शेकडा तीनचे आधी का फेडत नाही? मेमध्ये त्यांनी ट्रक विकली. बँकेचे आणि सावकाराचे मिटले, मुकादमाकडचे अजून अडकलेलेच आहे, खटला चालू आहे. आता तो हंगामात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर पगारी जातो आणि दीड एकर आडसाली बघतो. गाडी विकली म्हणून गावात चार लोक बोलले. मला विचाराल तर त्या वर्षी त्याने केलेला तो सर्वात शहाणा व्यवहार होता. ज्याची गाडी आखूड हंगामातही तरते त्याने जरूर ठेवावी, त्याचे पाहून दुसऱ्याने विकू नये.

नवीन करार करण्यापूर्वी ज्यांना असा हिशेब मांडून पाहायचा असेल त्यांनी गट कार्यालयात यावे. येताना मागील दोन हंगामांची वाहतूक बिले, कर्जाचा उतारा आणि शक्यतो घरातील मंडळींना सोबत आणावे.

— ऊस विकास अधिकारी